पक्ष पंधरवड्यातले गिऱ्हाईक

सप्टेंबर २०२४ संपत आला तेव्हा देशभरातल्या मोटार विक्रेत्यांच्या आवारांत जवळपास आठ लाख गाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या होत्या. विक्रेत्यांची संघटना 'फाडा' हिने दिलेला आकडा होता ७ लाख ९० हजारांचा, आणि त्यांत अडकलेला पैसा ७९ हजार कोटी रुपयांचा. विक्रेत्याकडे तीन आठवडे पुरेल एवढाच माल असावा, असे ही संघटना कंपन्यांना वारंवार सांगत असते. तेव्हा तो ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साचला होता. त्या महिन्यात प्रवासी मोटारींची किरकोळ विक्री आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी घसरली. संघटनेने कारणे सांगितली त्यांत लांबलेला पाऊस होता आणि पितृपक्ष होता.

ज्याला गाडी घ्यायचीच होती त्याच्यासाठी तो पंधरवडा लाखमोलाचा होता. शोरूममध्ये शुकशुकाट, तिमाहीची अखेर डोक्यावर, आवारात गाड्या लावायला जागा नाही आणि बँकेचे व्याज मात्र रोज चढते. अशा वेळी आत येणाऱ्या माणसाला पाणी, चहा आणि थेट मॅनेजरची केबिन मिळते. तरीही बहुतेकांनी तो पंधरवडा घरी बसून काढला आणि घटस्थापना उजाडल्यावर एकाच वेळी शोरूमकडे धाव घेतली.

गाडी कधी घ्यावी, या प्रश्नाला मराठी घरात ठरलेले उत्तर आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा गाठावा, नाहीतर निदान नवरात्र, धनत्रयोदशी. पक्ष पंधरवड्यात नको, अमावास्येला नको, आणि शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे आजीचे पोटकलम. या उत्तराला हसण्याचे कारण नाही. घरातली पहिली गाडी ही अनेक कुटुंबांत घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते आणि ती सणासारखी साजरी करावी असे वाटले तर त्यात वावगे काय? मात्र मुहूर्ताचा दिवस आणि स्वस्ताईचा दिवस एकच असेल, ही अपेक्षा सोडून द्यायला हवी. ज्या दिवशी सगळे गाव दारात उभे आहे, त्या दिवशी दुकानदाराने भाव का उतरवावा?

विक्रेत्याची बाजू समजून घेतली की वर्षाचा नकाशा आपोआप उलगडतो. दर महिन्याच्या १ तारखेला 'अमुक कंपनीने इतक्या लाख गाड्या विकल्या' अशी बातमी येते. त्यांतल्या बहुतांश गाड्या गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचलेल्या नसतात. कारखान्यातून विक्रेत्याकडे रवाना झालेल्या असतात. कंपनीच्या वहीत ती विक्री, विक्रेत्याच्या वहीत ती उधारी. विक्रेता गाड्या उचलतो त्या बँकेच्या पैशावर. पहिले काही आठवडे निभावतात, मग एकेक गाडी त्याला व्याजाने कुरतडू लागते. गिऱ्हाइकाने नेलेल्या गाड्यांचा खरा हिशेब परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणकीय नोंदणीत दिसतो, आणि 'फाडा'चे आकडे तिथून येतात. या दोन आकड्यांमधली दरी रुंदावली की समजावे, आवार भरले आहे.

त्यात महिन्याचे टार्गेट. ठरलेल्या संख्येपर्यंत विक्री पोहोचली तर कंपनी विक्रेत्याला जादा मोबदला देते, दोन-चार गाड्यांनी हुकली तर तो जातो. म्हणून २५ तारखेनंतर त्या शेवटच्या दोन-चार गाड्यांवरचा नफा सोडायलाही विक्रेता तयार होतो. 'साहेब, आज बुकिंग केलंत तर मी वरून मंजुरी आणतो,' हे वाक्य महिन्याच्या ५ तारखेला क्वचितच ऐकू येते. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांत तिमाही संपत असल्याने हा दबाव आणखी वाढतो. २०२४ चा पितृपक्ष १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असा पडला होता. तिमाहीची अखेर बरोबर त्याच्या पोटात आली, आणि वर साठा विक्रमी. घासाघीस करणाऱ्याला याहून चांगला योग पंचांगात सापडला नसता.

आता दसऱ्याची सकाळ पाहा. शोरूमच्या आवारात लाल-सोनेरी कापडाखाली झाकलेल्या गाड्यांची रांग. झेंडूचे हार, नारळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. गुरुजी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातात. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून फोटो, पेढ्यांचा बॉक्स, टाळ्या. मागे पुढच्या गाडीचे कुटुंब नटूनथटून उभे असते, कारण डिलिव्हरीची वेळ प्रत्येकाला वाटून दिलेली असते. या गर्दीत गाडीचा रंग उन्हात निरखणे, दाराच्या फटी तपासणे, स्टेपनी काढून बघणे, चासी नंबर कागदाशी ताडून पाहणे, यातले काहीच होत नाही. ओरखडा सापडतो तो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि तोवर सही झालेली असते.

बरे, त्या दिवशी गाडी 'घेतली' म्हणजे नेमके काय झाले? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. पूर्वीसारखी तात्पुरत्या टीसी नंबरावर गाडी नेऊन पासिंग नंतर करू, ही सोय संपत आली. मुहूर्तावर गाडी हवी तर बिल, विमा, वाहनकर आणि पासिंग हे सगळे त्याआधीच उरकावे लागते. कागदावर गाडी आदल्या आठवड्यातच मालकाच्या नावावर झालेली असते. मुहूर्ताला होते ती किल्लीची देवघेव. घटस्थापनेला गाडी काढणाऱ्यांपैकी अनेकांचे कागद तर चक्क पितृपक्षात तयार झालेले असतात. आजीला हे कोणी सांगत नाही.

आणि आजीच्या बाजूने तरी शास्त्र कितपत आहे? पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी पितृपक्ष अशुभ नसल्याचे अनेकदा सांगितले आहे. पूर्वजांच्या स्मरणाचे दिवस वाईट कसे असतील, असा तो साधा मुद्दा आहे. तो पटूनही माणसे शोरूमकडे वळत नाहीत, कारण शेजारचे काय म्हणतील हा प्रश्न पंचांगाबाहेरचा आहे. नेमक्या याच संकोचामुळे त्या पंधरवड्यात शोरूम रिकामे राहते आणि संकोच नसलेल्या माणसाचा फायदा होतो. सगळ्यांनी संकोच सोडला तर हा फायदाही संपेल, हे खरे. तूर्त ती भीती नाही.

यातून मध्यम मार्ग निघतो आणि मुरलेले खरेदीदार तो वापरतातही. सौदा पक्ष पंधरवड्यात पक्का करायचा, गाडी नवरात्रात न्यायची. फक्त यात एक मेख असते. सवलतींच्या योजना महिन्यापुरत्या असतात, आणि बुकिंगच्या अर्जावर बारीक अक्षरात 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील' असे छापलेले असते. सप्टेंबरची योजना ऑक्टोबरच्या डिलिव्हरीला मिळेल का, हे तोंडी आश्वासनावर सोडू नये. कोटेशनवर तारीख, सवलतीची रक्कम आणि मॅनेजरची सही घ्यावी. एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट डिस्काउंट, मोफत अ‍ॅक्सेसरीज अशी नावे वेगवेगळी असली तरी शेवटी बघायचा तो एकच आकडा, ऑन-रोड किंमत. समोर दिलेली सूट मागच्या दाराने विम्यात आणि 'हँडलिंग'च्या नावाखाली परत घेतली जाते, त्यामुळे विम्याचे कोटेशन बाहेरून एकदा तरी काढून पाहावे. विमा शोरूमकडूनच घ्यायचे बंधन नाही. जुनी गाडी विकणाऱ्याने तिच्यावर जमलेला नो क्लेम बोनस नव्या गाडीच्या विम्यावर आणायला विसरू नये. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि शोरूमचा माणूस तो आपण होऊन क्वचितच काढतो.

पंचांग केवळ गिऱ्हाईक बघते असे नाही. महिंद्राने एक्सयूव्ही ७०० चे बुकिंग उघडले ते ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी. पहिल्या २५ हजार गिऱ्हाइकांना सुरुवातीची किंमत मिळणार होती आणि त्या गाड्या ५७ मिनिटांत संपल्या. पुढच्या वर्षी स्कॉर्पिओ-एनची डिलिव्हरी सुरू करायला कंपनीने २६ सप्टेंबर हा दिवस धरला, तीही घटस्थापनाच. नव्या मॉडेलच्या बाबतीत सगळा हिशेब उलटा होतो, हेही या उदाहरणातून दिसते. तिथे वर्षअखेरीपर्यंत थांबणाऱ्याला स्वस्त गाडी मिळत नाही, किंमत वाढलेली मिळते. पहिल्या तासात बोट चालवणारा जिंकतो. अर्थात नव्या मॉडेलची पहिली खेप म्हणजे कंपनीच्या चुकाही आपल्याच पदरात, हे ज्याने त्याने ठरवावे.

मग आला २०२५ चा पितृपक्ष, आणि त्याने आदल्या वर्षीचे सगळे गणित फिरवले.

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटीत मोठे फेरबदल दिवाळीआधी करण्याची घोषणा केली. त्या दिवसापासून मोटार बाजार थबकला. कर उतरणार हे कळले. किती आणि कधी, हे कळले नाही. १२ दिवसांनी गणपती आले. महाराष्ट्रात गणेशोत्सव हा गाड्यांच्या खरेदीचा पहिला मोठा टप्पा, पण गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्ह घेऊन 'बघतो' म्हणत परत जाऊ लागले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला. चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के कर आणि वरचा अधिभार जाऊन सरसकट १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांवर कर आणि अधिभार मिळून ५० टक्क्यांपर्यंत बसत होते, तिथे ४० टक्के आले. अंमल २२ सप्टेंबरपासून. पितृपक्ष २१ ला संपत होता. २२ ला घटस्थापना. सरकारनेही मुहूर्त साधला, असे म्हणायला जागा आहे.

करापूर्वी ६ लाखांची असलेली छोटी पेट्रोल गाडी २९ टक्क्यांच्या हिशेबाने ७ लाख ७४ हजारांना पडत होती. १८ टक्क्यांनी ती ७ लाख ८ हजारांवर आली. ६६ हजारांचा फरक, तोही कोणाशी हुज्जत न घालता. २०२४ मध्ये ज्याने पक्ष पंधरवड्यात गाडी घेतली तो शहाणा ठरला. २०२५ मध्ये तसेच करणारा, महिंद्रासारख्या ज्या कंपनीने नव्या किमती ६ सप्टेंबरपासूनच लागू केल्या तिच्या दारात गेला नसेल तर, फसला. सर्वांत हाल विक्रेत्यांचे झाले. जुन्या साठ्यावर भरलेला अधिभार वळता करून घेण्याची वाट बंद झाली आणि अडीच हजार कोटी रुपये अडकल्याचे गाऱ्हाणे घेऊन त्यांची संघटना सरकारदरबारी गेली.

पुढे जे झाले ते सर्वांनी पाहिले. घटस्थापनेच्या एका दिवसात मारुतीने ३० हजारांच्या आसपास गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती दिल्या. सणांच्या ४२ दिवसांत देशात साडेसात लाखांवर मोटारी विकल्या गेल्या, आदल्या वर्षीच्या सणांपेक्षा २३ टक्क्यांनी जास्त. ज्या विक्रेत्यांना वर्षापूर्वी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यांतले काही आता छोट्या गाड्यांसाठी पुन्हा तारखा देऊ लागले. त्या गर्दीत घासाघीस करणाऱ्याकडे कोण बघणार? करातली कपात मात्र सगळ्यांना सारखीच मिळाली.

सरकारी निर्णयापुढे मुहूर्ताचे आणि सवलतीचे दोन्ही आडाखे कोसळतात, याचा मराठी माणसाला आलेला याहून बोचरा अनुभव मोटारसायकलींचा आहे. २०१७ चा गुढीपाडवा २८ मार्चला होता. त्या दिवशी नेहमीप्रमाणे शोरूमवर झुंबड उडाली आणि लोकांनी पूर्ण किंमत मोजून दुचाक्या घरी नेल्या. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. कंपन्या आणि विक्रेते यांच्याकडे तेव्हा अशा साडेसहा लाखांहून जास्त दुचाक्या पडून होत्या. ३० आणि ३१ मार्च या दोन दिवसांत सवलती दर तासाला वाढत गेल्या. काही मॉडेलांवर २० हजारांच्या पुढे गेल्या. शोरूमबाहेर रांगा, मग 'स्टॉक संपला'च्या पाट्या. पाडव्याला पूजा करून आणलेली तीच गाडी तीन दिवसांनी शेजाऱ्याने वीस हजारांनी स्वस्त आणली, तेव्हा त्या घरात काय बोलणे झाले असेल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. तीन वर्षांनी पाडवा आला तो २५ मार्च २०२० ला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी. हार घालून ठेवायच्या गाड्या काचेआड राहिल्या आणि मारुतीची एप्रिलमधली देशांतर्गत विक्री शून्य राहिली.

या सगळ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की वर्षभर सरकारी राजपत्राकडे डोळे लावून बसावे. कर आणि प्रदूषणाचे नियम काही रोज बदलत नाहीत. पण बदल जाहीर झाला आणि अंमलाची तारीख ठरली, की मधल्या दिवसांत थांबायचे की पळायचे हा निर्णय सणापेक्षा महत्त्वाचा ठरतो. कर उतरणार असेल तर थांबावे. नियम कडक होणार असतील तर जुन्या साठ्याकडे पाहावे, आणि पासिंग मुदतीत होईल याची खात्री करूनच पैसे भरावेत.

डिसेंबरचे आकर्षण या सर्वांपेक्षा वेगळे आणि थोडे फसवे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात कंपन्या जानेवारीपासून भाव वाढवत असल्याचे जाहीर करतात. मारुतीने जानेवारी २०२५ साठी चार टक्क्यांपर्यंत, महिंद्राने तीन टक्क्यांपर्यंत वाढ सांगितली होती. एकीकडे ही भीती, दुसरीकडे वर्षअखेरीची भरघोस सूट. दोन्हींचे मूळ एकच. ३१ डिसेंबरच्या रात्री आवारातली प्रत्येक गाडी एका वर्षाने म्हातारी होते. आरसी बुकावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात एजंट सर्वांत आधी तेच वाचतो. डिसेंबरमध्ये घेतलेली गाडी महिनाभरात त्याच्या लेखी 'मागच्या सालची' होते. ब्रिटनमध्ये हे वय थेट नंबरप्लेटवर लिहिलेले असते. तिथे १ मार्च आणि १ सप्टेंबर या तारखांना प्लेटवरचे वयाचे आकडे बदलतात, आणि नव्या प्लेटच्या हौसेपोटी याच दोन महिन्यांत विक्री उसळते. आपल्याकडे वय पिशवीतल्या कागदात दडलेले असते, इतकाच फरक.

म्हणून डिसेंबरची गाडी कोणी घ्यावी? जो ती आठ-दहा वर्षे वापरणार आहे त्याने. त्याच्या हाती रोख सूट येते आणि विकायची वेळ येईपर्यंत एका सालाचा फरक पुसट झालेला असतो. तीन वर्षांनी मॉडेल बदलणाऱ्याने जानेवारीपर्यंत थांबून नव्या सालची गाडी घेतलेली बरी. डिसेंबरात वाचवलेले पैसे त्याला विकताना जवळजवळ परत करावे लागतात. जानेवारीचा एक छुपा लाभही आहे. मागच्या सालचा उरलेला माल तेव्हाही आवारात असतो, आणि आता तो विक्रेत्याच्या गळ्यातले लोढणे झालेला असतो. तेव्हाची सूट डिसेंबरच्या जाहिरातीतल्या आकड्याहून बरीच मोठी निघू शकते. फक्त ती मागावी लागते.

अशी गाडी घेताना ती किती दिवस उघड्यावर उभी होती हे पाहणे गरजेचे. विक्रेता सांगेल त्यावर विसंबू नये, टायरला विचारावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३२५ असेल तर ते टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनले. गाडी त्यानंतरच जुळली असणार. मग बॅटरी चाचणीयंत्रावर लावून घ्यावी, कारण महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी आधी मरते. वायपरचे रबर उन्हाने कडक झाले आहे का, चाकांच्या तबकड्यांवर गंज किती चढला आहे, ओडोमीटरवर किती किलोमीटर पडले आहेत, हेही पाहावे. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर पायाखालचे मॅट उचलून वास घ्यावा. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कितीतरी काळ जुनी गाडी घेणारा मुंबईकर आधी गालिचा उचलून बघायचा. ती सवय नव्या गाडीलाही लावायला हरकत नाही.

महिना कोणता, यावर घरात जेवढा खल होतो त्याच्या पावपटही कर्जाच्या मुदतीवर होत नाही, हे नवल आहे. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपयांचा बसतो आणि एकूण परतफेड ९ लाख ९६ हजारांच्या आसपास होते. तेच कर्ज सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण परतफेड १० लाख ८१ हजारांवर जाते. ८५ हजारांचा हा फरक छोट्या गाडीवरच्या कुठल्याही सणाच्या सवलतीला सहज गिळतो. व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरण्याची वाट पाहणाऱ्याला पाच वर्षांत मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास वाचतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचपर्यंत आणला तेव्हा त्याचा गाजावाजा झाला तो रास्तच. पण मुदत दोन वर्षांनी कमी करणे हे कोणत्याही पतधोरणाची वाट न पाहता करता येते. शोरूममधला माणूस सात वर्षांचाच तक्ता आधी का उघडतो, हे आता वेगळे सांगायला नको.

गावाकडे तर महिना आपण निवडायचा नसतोच, तो पीक निवडते. सोयाबीन-कापूस दिवाळीच्या आगेमागे, ऊस गाळप सुरू झाल्यावर, नाशिककडे द्राक्षाचा पैसा पाडव्याच्या सुमाराला. हातात रोख आली आणि सण आला, की डाउन पेमेंट मोठे भरता येते आणि कर्ज लहान राहते. अशा शेतकऱ्याला 'पितृपक्षात घे, स्वस्त मिळेल' हा सल्ला देणे म्हणजे कर्ज काढून सवलत विकत घे असे सांगणे होय. सणाला गाडी घेणारे सगळेच भाबडे नसतात.

गाडी कधी घ्यावी हा प्रश्न पडतो हीच एका अर्थी चैन आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळायची तेव्हा नंबर लागला तोच मुहूर्त असे, आणि ज्याला थांबवत नसे तो 'ऑन' देऊन दुसऱ्याचा नंबर घेई. २०२१-२२ मध्ये चिपच्या तुटवड्याने ते दिवस थोडे परत आले होते. वर्षभराचे वेटिंग, सवलतीचे नाव नाही आणि मनधरणी गिऱ्हाइकानेच करायची.

२०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, दसरा थेट २० ऑक्टोबरला. म्हणजे ३० सप्टेंबरची तिमाहीअखेर पुन्हा पक्ष पंधरवड्यात. यात एका वर्गाची गंमत होते, तो म्हणजे व्यवसायासाठी गाडी घेणारे डॉक्टर, वकील, दुकानदार. मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा खर्चात धरता येतो, पण आर्थिक वर्षात ती १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर त्या वर्षी निम्माच. ३१ मार्चपासून मागे मोजत गेले तर १८० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात. १२ लाखांची गाडी त्या दिवसापर्यंत रस्त्यावर आली तर १ लाख ८० हजारांचा घसारा, दसऱ्याला आली तर ९० हजारांचा. राहिलेला पुढच्या वर्षांत मिळतो, तो बुडत नाही. पण ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्या वर्षी २७ हजारांचा कर जास्त भरावा लागतो. चार्टर्ड अकाउंटंटचा फोन अशा वेळी ऐन पक्ष पंधरवड्यात येतो, आणि आजीची समजूत काढायचे काम त्याच्या फीमध्ये धरलेले नसते.